दुसरा गळा

हिवाळ्याचे महोत्सव सुरू झाले, की नव्या रागांची बारशी सुरू होतात. तंबोरे जुळत असताना निवेदक कागद उघडतो आणि आपल्याला कळते, की अमुक रागाच्या पूर्वांगाला तमुक रागाचे उत्तरांग जोडून आज एक अपूर्व स्वराकृती जन्माला येत आहे. नाव बहुधा गुरूचे, आईचे किंवा प्रायोजकाला रुचेल अशा एखाद्या नदीचे. मग वीस-पंचवीस मिनिटे गाणे, टाळ्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रासह मजकूर. पुढच्या हिवाळ्यात तोच कलाकार तो राग गात नाही, कारण तोवर त्याच्याकडे आणखी एक नवा असतो. आणि दुसऱ्या कोणी तो गावा, असे तर कोणाच्या मनातही येत नाही. बारशाला गर्दी, पण मूल वाढवायला कोणी नाही, असा हा संसार आहे.

कारणे विचारली की श्रोत्यावर खापर फुटते. त्याला म्हणे यमन, पूरिया आणि दरबारीच हवेत. नव्याची त्याला धास्ती वाटते. शिवाय मोबाइलने त्याचा दम संपवला आहे. यातले एकही कारण टिकत नाही. साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे घराघरांत नेले, म्हणजे अवधी तोकडा असल्याने काही अडत नाही. अभोगी, कीरवाणी, चारुकेशी, हंसध्वनी हे दक्षिणेतले राग आपल्या श्रोत्याने विसाव्या शतकात असे आपलेसे केले, की ते पाहुणे होते हे आता सांगावे लागते. प्रभाताई अत्रे यांनी स्वतः बांधलेली मारूबिहागातली बंदिश आज क्लासातल्या मुली गातात. किशोरीताईंचा भूप लोकांनी जुना म्हणून डोक्यावर घेतला नव्हता. श्रोता नव्याला घाबरत नाही. एकदाच ऐकवून काढून घेतलेल्या गोष्टीवर प्रेम करणे मात्र त्याला जमत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

मागणीवरून केलेले अभिजात संगीत टिकत नाही, असे म्हणणाऱ्याने मराठी रंगभूमीकडे पाहावे. 1911 साली 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 साली 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी. दोन्ही कामे नाटक मंडळीच्या गरजेतून निघाली, पात्र ठरलेले, प्रसंग ठरलेला, प्रयोगाची तारीखही ठरलेली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम पचवलेल्या भास्करबुवांनी बैठकीतल्या चिजांचा ऐवज नाट्यपदात ओतला आणि बालगंधर्वांच्या गळ्याला तो बेतून दिला. पण ही पदे केवळ बालगंधर्वांमुळे जगली नाहीत. मंडळीचे बिऱ्हाड गावोगाव फिरत होते, वन्समोअर पडत होते, आणि नाटक पाहून घरी गेलेला माणूस ते पद पेटीवर शोधत बसत होता. शंभर वर्षांत ती पदे हजारो गळ्यांतून गेली; त्यातले बरेच गळे सुमार होते आणि त्याने काहीच बिघडले नाही.

अर्ध्या शतकाने जितेंद्र अभिषेकींनी हेच पुन्हा सिद्ध केले. 'मत्स्यगंधा' 1964 चे, 'कट्यार काळजात घुसली' 1967 चे. संगीत नाटक संपले असे विद्वान सांगत असताना हा मंगेशीचा माणूस रागसंगीताच्या पायावर नव्या चाली रचत होता. आणि त्या रचताना गाणाऱ्याच्या गळ्यातल्या जागा हेरत होता. 'कट्यार'मध्ये वसंतराव देशपांड्यांनी खाँसाहेब असा उभा केला, की त्यांच्यानंतर ती पदे कोणी गाऊ नयेत असेच वाटावे. तरी लोक गायले. 2015 च्या चित्रपटात वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी ती गायली, आणि आज ती स्पर्धांत, गणेशोत्सवात, लग्नातही कानावर पडतात. मागणी हे कारण दूषित नाही. सदारंगांच्या कितीतरी चिजांत महंमदशाह रंगील्याचे नाव आहे. ते आश्रयदात्याला घातलेले मुजरेच होते. परंपरा तर असेही सांगते, की बीनकार सदारंग हे ख्याल स्वतः गात नसत, शिष्यांना शिकवत. आख्यायिका असो वा इतिहास, तिच्यात ख्यालाचे मर्म सापडते: तो पहिल्यापासून दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधला गेला.

नव्या रागाचेही तसेच. जगन्नाथबुवा पुरोहित, म्हणजे 'गुणीदास', यांचा जोगकंस घ्या. जोगचे दोन गंधार आणि कंसाचे अंग, ऐकायला सोपी वाटणारी पण गाताना घसरवणारी जोडणी. हा राग आज जुन्या रागांच्या पंगतीत बसला आहे. का? माणिक वर्मा, राम मराठे, सी. आर. व्यास, यशवंतबुवा जोशी, जितेंद्र अभिषेकी ही बुवांची शिष्यमंडळी. यातल्या कोणाही दोघांचे गाणे एकमेकांसारखे नाही. माणिकबाईंचा लडिवाळ सूर आणि रामभाऊंची लयीशी चाललेली झुंज एकाच बुवांकडून निघाली, यावर नवख्याचा विश्वास बसणार नाही. जोगकंस या सगळ्या गळ्यांतून गेला आणि प्रत्येक वेळी त्याला नवी वळणे पडली. बुवांनी राग बांधला आणि सोडून दिला. तो आपल्यासारखाच गायला जावा, असा हट्ट धरला नाही.

याउलट भीमसेनजींचा कलाश्री. राग गोड, आणि गायक असा, की त्याच्या हाकेला सारा देश येई. तरी कलाश्री आज क्वचितच कानी पडतो. भीमसेनजींचे अनुकरण करणारे त्यांची तान उचलतात, त्यांचे हातवारेही उचलतात, त्यांचा राग मात्र उचलत नाहीत. प्रसिद्धीने राग जगत नाहीत, हे सिद्ध करायला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

कुमार गंधर्वांचा दाखला अधिक अवघड आहे, आणि मला तो टाळायचा नाही. माळव्याच्या लोकधुनांतून निघालेले त्यांचे धुनउगम राग, म्हणजे मधसूरजा, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी, मालवती, हे विसाव्या शतकातले सर्वांत अस्सल नवे राग आहेत. बेरीज-वजाबाकीने ते झाले नाहीत. 'अनूपरागविलास' 1965 साली स्वरलिपीसकट छापून आला, म्हणजे ते कोणापासून लपवलेलेही नव्हते. गांधी मल्हार तर 1969 च्या गांधी जन्मशताब्दीचा, निमित्ताने झालेला आणि तरीही निमित्ताला पुरून उरणारा. मग हे राग कुमारांच्या देवासच्या परिवाराबाहेर फारसे का गेले नाहीत? कारण कुमारांची चीज घेणारा त्यांचा श्वासही घेतो. तो तुटक, अणकुचीदार स्वरलगाव लावल्याशिवाय ती बंदिश गाताच येत नाही, अशी समजूत भक्तांनी रुजवली. आग्र्याच्या अंगाने, भरगच्च बोलबनावाने मधसूरजा का गाऊ नये? गाऊन पाहा; रागाचे काही बिघडणार नाही. बिघडलीच तर भक्तांची झोप बिघडेल.

मला आशा आहे ती बंदिशकारांची, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी लिहिले जाते. रातंजनकरांची 'अभिनव गीतमंजरी', रामाश्रय झा 'रामरंग' यांचे 'अभिनव गीतांजली'चे पाच भाग, व्यासांच्या 'गुणीजन' मुद्रेच्या चिजा, बबनराव हळदणकरांच्या 'रसपिया', दिनकर कायकिणींच्या 'दिनरंग'. हे लोक नवे राग शोधत बसले नाहीत असे नाही, पण त्यांचे खरे काम जुन्या रागांत नवी दारे उघडण्याचे. रामरंगांचा मुखडा पाहावा: समेवर येण्याआधीच राग सांगून मोकळा होतो, आणि अंतरा असा, की गाणाऱ्याला वर जायला वाट मिळते आणि परतायलाही. अलाहाबादेत बसून बांधलेल्या या चिजा पुण्या-मुंबईच्या मैफलींत पोचल्या त्या पुस्तकातून आणि शिष्यांतून. ना उद्घाटन, ना निवेदक.

त्या पोचण्यामागे घडणीचेही कारण आहे. चार ओळींची बंदिश मुद्दाम अपुरी असते. बढत गायकाने करायची, बोल त्याने मोडायचे, तान त्याची. महोत्सवांसाठी आज जे 'प्रकल्प' होतात ते पहिल्या टाळीपासून शेवटच्या प्रकाशझोतापर्यंत बांधून काढलेले असतात. वाद्यमेळ ठरलेला, निवेदन ठरलेले, पडद्यावरची चित्रे ठरलेली, आलापाची मिनिटेसुद्धा ठरलेली. दुसऱ्या गायकाला करण्यासारखे त्यात काही शिल्लकच नसते. तो फक्त नक्कल करू शकतो, आणि स्वाभिमानी गायक नक्कल करत नाही.

फ्यूजनबद्दल एवढेच, की त्यातले बरेचसे ध्वनितपासणी संपली तेव्हाच संपलेले असते. वाद्यवृंदासाठीच्या रचनांची कथाही वेगळी नाही: लंडन सिम्फनीच्या मागणीवरून रविशंकरांनी 1971 साली सतार कॉन्चेर्टो लिहिला, आणि बापलेकीच्या सतारीपलीकडे तो फारसा गेला नाही.

आता दोष कोणाचा ते स्पष्ट बोलू. पहिला आयोजकांचा. त्यांना पहिला प्रयोग विकत हवा असतो, कारण पहिल्याची बातमी होते. दुसऱ्या प्रयोगाला, दहाव्याला, दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या गायकाच्या प्रयोगाला कोणाच्या अंदाजपत्रकात जागा नाही. नाटक मंडळीचा मालक नफ्यासाठी का होईना, चांगल्या पदाचे शंभर प्रयोग करत होता. आजचा प्रायोजक एका रात्रीचे पैसे देतो आणि एका रात्रीचेच संगीत घेऊन जातो.

दुसरा दोष कलाकारांचा, आणि तो अधिक मोठा. हयात समकालीनाची बंदिश गाणे त्यांना कमीपणाचे वाटते. मेलेल्याची चीज 'पारंपरिक', स्वतःची 'नवनिर्मिती', आणि शेजारच्या गल्लीतल्या गुणी माणसाची म्हणजे जणू उष्टे अन्न. जुने उस्ताद चिजा लपवत. त्या मिळवताना भातखंड्यांची काय दमछाक झाली ते सर्वांना ठाऊक आहे, आणि क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग निघाले नसते तर त्यातल्या किती जगल्या असत्या? आजचे कलाकार लपवत नाहीत, उलट सगळे यूट्यूबवर टाकतात. पण त्यांच्याही चिजा दुसरा कोणी उचलत नाही. 'ही माझी' अशी पाटी ठोकलेली चीज आणि तिजोरीतली चीज, दोन्हींचा शेवट सारखाच. मालकीहक्काची भीती खरी आहे, हे मी नाकारत नाही. डागरांच्या 'शिवस्तुती'वरून एका चित्रपटगीताविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात चाललेला खटला 2025 साली गाजला. बाजारू वापराला जरूर अडवा. पण मैफलीत गाणाऱ्याला अडवण्याची आपल्याकडे कधी रीत नव्हती. 'प्रेमपिया' मुद्रेची चीज गाणारा फैयाझ खाँचे नाव तिच्यातच घेतो. श्रेयाची याहून सुंदर व्यवस्था कोणत्या कायद्याने केली आहे?

म्हणून माझे मागणे आहे, आणि ते सौम्य नाही. महोत्सवांनी पाच वर्षे नवा राग जाहीर करायला बंदी घालावी. प्रत्येक गायकाला सांगावे, की तुमच्या वेळेतली वीस मिनिटे हयात बंदिशकाराच्या चिजेसाठी आहेत. तो बंदिशकार तुमचा गुरू नको, नातलग नको, आणि तुम्ही स्वतः तर नकोच. त्या बंदिशकाराला मानधन आयोजकाने द्यावे, आणि त्याचे नाव पत्रिकेत गायकाच्या नावाखाली त्याच आकारात छापावे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी विशारदाच्या अभ्यासक्रमात दरवर्षी पाच नव्या बंदिशी घालाव्यात. परीक्षेच्या धाकाने का होईना, हजारो मुले त्या पाठ करतील. आरडाओरडा होईल, सर्जनशीलतेचा गळा घोटला म्हणून लेख येतील. येऊ द्यावेत. दुसऱ्याची नवी चीज वीस मिनिटे रंगवता येत नसेल, त्या गायकाला नवा राग काढायचा अधिकार कोणी दिला?