काठी खोटं बोलत नाही

फासळ्यांमधल्या छोट्या छिद्रांतून हृदयाची शस्त्रक्रिया होते, तेव्हा सर्जनला हृदय दिसतं ते पडद्यावर. हे दृश्य संगणक ‘सुधारतो’, असं म्हणतात. आमचा आक्षेप या शब्दाला आहे, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत.

पहिली. धडधडत्या हृदयावर टाका घालायचा, तर जागा सतत हलते. २००१ मध्ये जपानच्या योशिहिको नाकामुरा यांच्या गटाने मांडलं, की हत्यार हृदयाच्या तालावर हलवावं आणि चित्र असं स्थिर करावं की सर्जनला हृदय थांबल्यासारखं दिसेल. हृदय थांबलेलं नसतं. पण जे दिसतं ते कॅमेऱ्याने टिपलेलंच असतं.

दुसरी. ओल्या हृदयावर दिव्याची चकाकी पडते, तिथलं काही दिसत नाही. संगणक चकाकी पुसतो आणि आजूबाजूचं पाहून ती जागा भरतो. हा मात्र अंदाज आहे.

मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये अंध माणसाच्या काठीचं उदाहरण दिलं: सवयीने काठी हाताचाच भाग होते. बरोबर! पण जिथे टेकलीच नाही तिथे जमीन आहे, असं काठी कधी सांगत नाही. भरलेलं चित्र नेमकं तेच सांगतं. तिथे एखादी बारीक रक्तवाहिनी असली तर?

तंत्र नको, असं आम्ही म्हणत नाही. भरलेला भाग पडद्यावर वेगळा दाखवा, मूळ चित्र एका पेडलवर हाताशी ठेवा, एवढंच म्हणतो. जबाबदारी सर्जनची असेल, तर आपण काय पाहिलं आणि काय मानलं, हे त्याला कळायलाच हवं.