पोलाद की रबर? प्रश्नच तपासू या

‘पोलाद आणि रबर यांपैकी अधिक स्थितिस्थापक कोणते?’ हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतून आणि प्रश्नपत्रिकांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे. मुले म्हणतात, रबर. पुस्तक म्हणते, पोलाद. कारण सारख्याच प्रतिबलाखाली पोलाद कमी ताणले जाते, म्हणजेच त्याचा यंगचा गुणांक मोठा. उत्तर पाठ होते, गुण मिळतात. पण मुलांचे निरीक्षण खरोखर चुकले होते का?

पोलादाचा यंगचा गुणांक सुमारे २ × १०¹¹ न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे रबराच्या हजारो पट आहे. १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाच्या पोलादी तारेला १० किलोग्रॅमचे वजन टांगले, तर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. हा झाला ताठरपणा. स्थितिस्थापकता म्हणजे बल काढल्यावर मूळ स्थिती पुन्हा स्थापन होणे. शब्द इतका नेमका असूनही आपण त्याच्या नावाने भलतेच मोजतो.

विजेच्या वायरमधली तांब्याची तार घ्या. तांब्याचा गुणांकही रबराच्या हजारो पट आहे. पुस्तकाच्या तर्काने ही तारसुद्धा रबरापेक्षा स्थितिस्थापक ठरते. बोटाने वाकवून सोडा. ती वाकलेलीच राहते. ‘हे सारे स्थितिस्थापकतेच्या मर्यादेच्या आतच लागू’ असे यावर सांगितले जाईल. ते बरोबरच आहे. मग ही मर्यादा प्रश्नात का येत नाही? साध्या पोलादाची लांबी सुमारे एक सहस्रांशाने वाढली की ही मर्यादा जवळ येते. चांगले रबर लांबीच्या काही पट ताणले, तरी परत येते. मात्र परत येण्याच्या काटेकोरपणात पोलाद सरस. रबर ताणताना दिलेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेत जातो. ताठरपणा, मर्यादा आणि काटेकोरपणा हे तीन वेगळे गुण आहेत. त्यांचा एकच क्रम लावता येत नाही.

या शर्यतीत आणखी एक मोठी गोष्ट हरवते. धातूत अणूंमधले बंध ताणले जातात. रबरात लांब रेणूंच्या गुंतलेल्या साखळ्या सरळ होतात आणि औष्णिक हालचाल त्यांना पुन्हा गुंतवू पाहते. रबरबँडला वजन टांगून तो दुप्पट ताणला जाऊ द्या आणि त्यावर गरम पाणी ओता. बँड आखडतो, वजन वर उचलले जाते. धातूची तार तापवली तर लांबते. रबराचे हे वागणे जॉन गॉफ यांनी १८०५ साली प्रसिद्ध केले आणि जूल यांनी १८५९ साली ते मोजमापांनी पडताळले.

तेव्हा प्रश्न असा विचारावा: ‘दोन्ही ताणून सोडा; काय सारखे दिसते, काय वेगळे?’ आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हा धडा विज्ञानाच्या तासाला मिळता कामा नये. नेमके काय पाहिले ते सांगायला मुले शिकली, तर गुणांकाचा अर्थही त्यांना कळेल.