'टेढी लकीर' आणि वयात येणाऱ्या मुली

इस्मत चुगताई हे नाव निघाले की चर्चा 'लिहाफ'वर जाते आणि लाहोरच्या खटल्यापाशी थांबते. त्यामुळे १९४० च्या दशकातली त्यांची 'टेढी लकीर' ही कादंबरी आपल्याकडे बदनामीच्या सावलीत राहिली. वयात येणाऱ्या मुलीच्या मनाचा एवढा नेमका ठाव उर्दूत क्वचितच कोणी घेतला असेल, असे आमचे मत आहे.

शम्मन हे घरातले दहावे अपत्य. आईला तिच्याकडे पाहायला फुरसत नाही. दूध पाजणारी अन्ना जाते, न्हाऊमाखू घालणारी बहीण मंझू लग्न होऊन जाते. पुढे वसतिगृहात, अंग बदलू लागण्याच्या वयात, ही मायेची भूक उसळून येते. मिस चरण या शिक्षिकेवर ती जीव टाकते, नंतर नजमावर. वाचक याला चाळे म्हणतील. आम्ही रोज वर्गावर असतो, आम्हाला त्यात ओळखीचे काही दिसते. सातवी-आठवीतली मुलगी एकाएकी गप्प होते, एखाद्या बाईंच्या टेबलावर रोज फूल ठेवते, नाहीतर जिवाभावाच्या मैत्रिणीशी उगीच भांडते. मनावरचा ताण ती असाच पेलते, कारण त्याला नाव द्यायला तिच्याजवळ शब्द नसतो.

आपल्या घरात शब्द नाहीत, असेही नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' विसाव्या शतकाच्या आरंभीचे. कित्येक घरांनी ते मुलीच्या जहेजमध्ये दिले. त्यात हैज आणि गुस्लचे मसाईल आडपडदा न ठेवता सांगितले आहेत. दीनी किताबीला ज्याची शर्म वाटली नाही, ते सांगायला शाळा लाजते! विज्ञानाच्या पुस्तकात मासिक पाळीचे चक्र दहावीला येते. तोवर बहुतेक मुलींची पाळी केव्हाच सुरू झालेली असते. आणि तो धडाही पुष्कळ ठिकाणी "घरी वाचा" म्हणून उलटला जातो. अर्थात मसाईल पाकीचे नियम सांगतात, मनातल्या भीतीचे काय करायचे ते सांगत नाहीत. ते काम 'टेढी लकीर'सारख्या कादंबरीचे.

इस्मतआपा बी.ए., बी.टी. होत्या, बी.टी. म्हणजे आजचे बी.एड. मुलींच्या शाळेत त्यांनी मुख्याध्यापिका म्हणून काम केले होते. म्हणूनच वसतिगृहाची प्रकरणे ऐकीव वाटत नाहीत. उत्तरार्धात मात्र, राजकारण आणि रॉनी टेलरशी लग्न या भागात, कादंबरी पसरट होते. तेही चालेल. आमची खरी तक्रार रसूल फातिमाबद्दल आहे. वसतिगृहातली ही मुलगी शम्मनइतकीच मायेची भुकेली, पण लेखिका तिच्याकडे शम्मनच्या किळसेतूनच पाहते. शम्मनला एवढे समजून घेणारी लेखणी इथे हात आखडता का घेते? वर्गात आम्हाला शम्मनपेक्षा अशा मुलीच जास्त भेटतात. बाजूला ढकललेल्या, कोणाच्या तरी मागे मागे फिरणाऱ्या. त्यांच्या बाजूने कोणी कादंबरी लिहिल्याचे, उर्दूत काय नि मराठीत काय, आमच्या वाचनात नाही.