अक्षर सुटले, पान अडले

मराठी जुळणीची परीक्षा दोन शब्दांत घेता येते: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. पहिल्यात रफार डोक्यावर चढतो, दुसऱ्यात अर्धा र ‘य’ला बिलगतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आज या परीक्षेत उत्तीर्ण होते. तरी पनवेलच्या डीटीपीच्या दुकानांत स्मरणिका आणि लग्नपत्रिका अजून बहुधा श्रीलिपी व कोरलड्रॉवरच जुळतात.

इथवरची वाट लांबची होती. डोनाल्ड कनूथ यांनी 1978 मध्ये आणलेले ‘टेक’ हे जुळणीचे सॉफ्टवेअर रोमन लिपी आणि गणितासाठी होते. 1991 मध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी त्यात देवनागरी आणली, पण मजकूर रोमन अक्षरांत टंकावा लागे. जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ या टेकच्या विस्ताराने 2004 पासून युनिकोड थेट स्वीकारले. अक्षरे मात्र आपल्याकडेच घडली. र. कृ. जोशी यांचा ‘रघु’ टंक मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने मुक्त केला. ही संस्था म्हणजेच आजचे सी-डॅक मुंबई. तिचे एक संकुल पनवेलहून तिसऱ्या, खारघर स्थानकासमोर आहे. पुढे ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ आणि मुंबई आयआयटीचा ‘शोभिका’ आले. 2009 च्या शासन निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श प्रमाण ठरवले. मजकुराची भाषा मराठी आहे एवढे सांगितले, की टंकात सोय असल्यास ही रूपे आपोआप उमटतात.

ग्रंथाच्या कामात टेकला तोड नाही. तळटीपा, सूची, अनुक्रमणिकेतले पृष्ठांक ते स्वतः सांभाळते. ओळ तोडण्यापूर्वी अख्खा परिच्छेद जोखते, म्हणून पान एकसारखे भरते. अरुंद रकान्यात मात्र त्याचीही दमछाक होते. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’सारखा प्रत्ययांनी लांबलेला शब्द ओळीत मावला नाही, की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. संतोष थोट्टिंगल यांनी मराठी शब्द कुठे तोडावा याचे नमुने तयार केले आहेत, पण आपल्या वाचकाची नजर तुटलेल्या शब्दाला सरावलेली नाही.

चित्रे, चौकटी आणि जाहिरातींच्या पानासाठी ‘स्क्रायबस’ हवे. जोडाक्षरे नीट जुळवणारी त्याची स्थिर आवृत्ती 2024 मध्ये आली. इतक्या उशिरा, की तोवर ऑपरेटरचा हात दुसरीकडे बसला होता. 2023 मध्ये खुले झालेले ‘टायप्स्ट’ टेकहून शिकायला सोपे आहे, पण मराठीत ते शिकवणार कोण?

माझा निष्कर्ष स्पष्ट आहे. पुस्तक, प्रबंध, अहवाल यांच्यासाठी मुक्त साधने आजच वापरावीत. नियतकालिकाच्या सजलेल्या पानासाठी ती अजून कमी पडतात. खरी हानी वेगळीच आहे. जुन्या, युनिकोडपूर्व संकेतप्रणालीतला मजकूर त्याचा टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. छापलेले पुस्तक उरते, त्याची फाइल मरते. म्हणून प्रकाशकांना आणि मंडळांना विनंती: छपाई कशावरही करा, पण जुळाऱ्याकडून युनिकोडमधला मजकूर मागून घ्या आणि जपून ठेवा.