साक्ष आणि अभिनय : छारानगरच्या चित्रपटांविषयी

एखादी वस्ती आपला इतिहास स्वतः चित्रित करू लागली की आपण तिला ‘आवाज’ मिळाल्याचे म्हणतो. अहमदाबादच्या छारानगरबाबत हे गृहीत अपुरे ठरते. या वस्तीचे दस्तऐवजीकरण रहिवाशांच्या हाती कॅमेरा येण्यापूर्वीच झाले होते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि त्याच्या पुढील सुधारणा यांनी छारांसारख्या जमातींची नावे, हजेरी व बोटांचे ठसे शासनाच्या दप्तरी जमा केले. १९५२ मध्ये या जमाती विमुक्त झाल्या. त्यांच्यावरील संशय मात्र विमुक्त झाला नाही. त्यामुळे येथे प्रश्न मौन भंगण्याचा नसून आधीच लिहिल्या गेलेल्या संहितेला उत्तर देण्याचा आहे.

हे उत्तर प्रथम रंगभूमीवर आले. फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बूधन शबर याचा पोलिसी छळानंतर कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटन उभे केले, आणि छारानगरच्या तरुणांनी ‘बूधन’ नाटकातून बूधन थिएटरचा पाया घातला. पुढे शाश्वती तालुकदार व केरिम फ्रीडमन यांनी या तरुणांसमवेत ‘अ‍ॅक्टिंग लाइक अ थीफ’ (२००५) हा लघुपट आणि ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ (२०११) हा दीर्घ माहितीपट केला. वस्तीतलेच नाटककार दक्षिण बजरंगे स्वतः चित्रपटकार झाले. त्यांच्या ‘बर्थ १८७१’चे शीर्षकच जमातीची जन्मतारीख कायद्याच्या कलमात शोधते.

मराठी वाचकाला येथे गायकवाडांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु माध्यमाचा भेद निर्णायक आहे. आत्मकथनातील ‘मी’ चोरीची कबुली देतो तेव्हा तिचा भार मुख्यतः लेखकावर असतो. शिवाय शब्दांत नाव बदलता येते, चेहरा झाकता येतो. पडद्यावर शेजाऱ्याचा चेहराच उघडा पडतो. ज्यांचे ठसे एकदा घेतले गेले, त्यांच्यासाठी चित्रफीत ही आणखी एक हजेरी ठरू शकते.

या पेचातून छारानगरने काढलेली वाट म्हणजे अभिनय. नट जेव्हा चोराची वा शिपायाची भूमिका करतो, तेव्हा समूहाचा अनुभव साक्षीस उभा राहतो, पण कोणा एकाचा कबुलीजबाब होत नाही. म्हणून या चित्रपटांतील नाट्यप्रसंगांना केवळ सजावट मानणे चुकीचे आहे. समूहाच्या आत्मकथनाची ती अपरिहार्य रीती आहे.

या रीतीची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ‘चोराचा कलावंत झाला’ ही कथा बाहेरच्या प्रेक्षकाला सुखावते. त्या ओघात रंगमंचावर न आलेली, पोटासाठी दारू गाळणारी वा चोरी केलेली जुनी पिढी केवळ मागे टाकलेला भूतकाळ ठरण्याचा धोका असतो. वस्तीचा इतिहास उजळलेल्या चेहऱ्यांपुरता उरला, तर हजेरीपटाची विभागणीच उलट्या क्रमाने टिकून राहते.

सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण महाराष्ट्रानेही पाहिले आहे. तौलनिक अभ्यासकाने म्हणूनच कॅमेरा कोणाच्या हाती होता एवढ्यावर थांबू नये. तो कोणत्या दप्तराला उत्तर देत आहे आणि त्या उत्तरातून कोण वगळले गेले, हेही विचारले पाहिजे.