चिन्हमीमांसा, दृश्यकलेतील

चित्र, शिल्प, छायाचित्र यांतून अर्थ कसा व्यक्त होतो, याचा चिन्हांच्या आधारे केलेला विचार. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) याने चिन्हांचे तीन प्रकार मानले : सादृश्यावर आधारलेले प्रतिरूप, वस्तूशी प्रत्यक्ष संबंध असलेले निर्देशक आणि संकेताने रूढ झालेले प्रतीक. एकाच कलाकृतीत हे प्रकार बहुधा मिसळलेले असतात.

कोकणातील शिलाहारकालीन गधेगाळ याचे बोलके उदाहरण होय. अशा शिळेवर सामान्यतः वर सूर्यचंद्र, खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प आणि काही शिळांवर दानलेख असतो. दान चिरकाल टिकावे, हा सूर्यचंद्रांचा अर्थ त्यांच्या आकारातून निघत नाही. तो संकेताने ठरलेला आहे. खालचे शिल्पही घडलेल्या प्रसंगाचे चित्रण नव्हे. दान मोडणाऱ्याच्या मातेची विटंबना होईल, अशी ती निरक्षरासही कळणारी धमकी आहे. (अपराध एकाचा व अप्रतिष्ठा स्त्रीची, हा तत्कालीन समाजाचा संकेतही त्यात आलाच.) पुढे लेख वाचणारे उरले नाहीत, तेव्हा काही ठिकाणी याच शिळांना शेंदूर फासून देवत्व देण्यात आले. आकार तोच राहिला, अर्थ मात्र पालटला. चित्राची भाषा शिकावी लागत नाही, हे मत त्यामुळे टिकत नाही.

छायाचित्र प्रकाशाच्या प्रत्यक्ष परिणामाने उमटते, म्हणून ते निर्देशक ठरते व त्यावर सहज विश्वास बसतो. विल्यम जॉन्सन याच्या मुंबईतील जातिजमातींविषयीच्या द्विखंडात्मक ग्रंथात (१८६३ व १८६६) मात्र अनेक ठिकाणी माणसे व पार्श्वभूमी यांची वेगवेगळी छायाचित्रे जोडून एकच चित्र सिद्ध केले आहे. ती माणसे कॅमेऱ्यापुढे खरोखर उभी होती. दाखविलेल्या स्थळी नव्हती. ती अमुक जातीचे नमुने आहेत, हा अर्थ तर मथळ्याने व ग्रंथाच्या मांडणीने दिला. जोडकामातील कौशल्याची प्रशंसा करताना व्यक्तीचा असा नमुना होणे दुर्लक्षून चालणार नाही.

फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ (१९१५–८०) याने १९६४ मधील निबंधात, प्रतिमेच्या अनेक संभाव्य अर्थांपैकी एकाला मजकूर कसा बांधून ठेवतो, हे जाहिरातीच्या आधारे दाखविले. १९८० मधील छायाचित्रविषयक पुस्तकात मात्र त्याने ‘ते तेथे होते’ या साक्षीवर भर दिला. या दुसऱ्या भूमिकेतून पाहिल्यास जॉन्सनचे मथळे बाजूला सारता येतात. मग त्या माणसांचे चेहरे, पागोटी, दागिने व उभे राहण्याची ढब यांचा पुरावा संग्राहकाच्या हेतूहून स्वतंत्रपणे वाचता येतो.