‘चंदू चॅम्पियन’ : क्रीडोपचार आणि पदककेंद्री दृष्टी

कबीर खान दिग्दर्शित ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. सांगली जिल्ह्यात जन्मलेले मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावर तो आधारलेला आहे. सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आलेले पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. पुढे १९७२ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. हे चरित्र पडद्यावर आणणे स्वागतार्ह असले, तरी या चित्रपटाची दिव्यांगत्वाकडे पाहण्याची दृष्टी तपासणे आवश्यक ठरते.

दिव्यांगांच्या क्रीडाचळवळीचा उगम रुग्णालयात आहे. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले मज्जाविकारतज्ज्ञ लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या दुखापतींचे केंद्र सुरू केले. त्या काळी असे बहुतेक रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रसंसर्ग यांनी दगावत. गुटमन यांनी शुश्रूषेला खेळाची जोड दिली. धनुर्विद्येने खांदे, दंड व धड बळकट होई. त्याचबरोबर खाटेला खिळलेल्या माणसाला सवंगडी मिळत आणि दिवसाला प्रयोजन लाभे. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशीच, १६ जायबंदी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा तेथे झाली. १९६० च्या रोममधील स्पर्धेपर्यंतचा प्रवास तेथून सुरू झाला. म्हणजे येथे उपचार आधी आला, पदक नंतर.

चित्रपट हा क्रम उलटा करतो. १९५२ मध्ये ऑलिंपिक पदक जिंकून परतलेल्या खाशाबा जाधवांचा सत्कार पाहून बाल मुरलीच्या मनात पदकाचे स्वप्न रुजते. लोक त्याला ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून हिणवतात. या मांडणीमुळे दुखापतीनंतरचे पाणी हे खंडित स्वप्न पुरे करण्याचे साधन ठरते. जमिनीवर परावलंबी झालेल्या शरीराला पाण्यात जो हलकेपणा लाभतो, त्या अनुभवाचे स्वतंत्र मोल कथानकात दुय्यम राहते. वृद्ध पेटकरांची पुरस्कारासाठीची झुंज ही चौकटही कर्तृत्वाची पावती मागणारीच आहे.

या मांडणीचे समर्थनही संभवते. पदकाविना पेटकरांची कहाणी समाजापर्यंत पोहोचली नसती आणि उपेक्षेविरुद्धचा त्यांचा रोषही रास्त होता. त्यांना पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. परंतु प्रश्न पेटकरांपुरता नाही. पदक न मिळवणाऱ्या असंख्य दिव्यांगांना पोहण्याचा, गाण्याचा, पत्ते कुटण्याचा अधिकार आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मनोरंजन आणि क्रीडेतील सहभागाला हक्काचे स्थान देतो. तथापि उतार नसलेला जलतरण तलाव आणि पायऱ्यांनी अडवलेले वाचनालय तो हक्क कागदावरच ठेवतात.

छंदाचे औषध गुणकारी ठरते ते त्यातील आनंदामुळे. त्या आनंदाला यशाची अट घातली, की उपचाराची जागा परीक्षा घेते. पेटकरांच्या जिद्दीला ‘चंदू चॅम्पियन’ न्याय देतो. मात्र त्यांना सावरणाऱ्या पाण्याला तो पुरेसा न्याय देत नाही, असेच म्हणावे लागते.